ईलीसारख्या छोट्या इंग्लिश गावात राहणं खरंच सेफ आहे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की नवऱ्याला केंब्रिजला नोकरी लागलीय, तिथली भाडी परवडत नाहीत म्हणून ईलीत घर बघताय, मुलगी अकरा वर्षांची, तुम्ही दिवसभर घरी एकट्या, आणि पोलिसांच्या साइटवर ईली टाकलं तर 'व्हायोलन्स अँड सेक्शुअल ऑफेन्सेस', म्हणजे हिंसा आणि लैंगिक गुन्हे, सगळ्यात वर दिसतंय, ते बघून छातीत धस्स झालं.

मी मूळची कराडची, गेली नऊ वर्षं ईलीत राहतेय. खुशाल या. फक्त तुम्ही ज्या गोष्टीला घाबरताय आणि इथे प्रत्यक्षात जे घडतं, त्यात बराच फरक आहे, म्हणून जरा मोठं लिहिते.

आधी तो नकाशा. पोलिस डॉट यूके वर दर महिन्याचे गुन्हे रस्त्यानुसार दिसतात, साधारण दोन महिने उशिरा, पण ते ठिपके खऱ्या जागेवर नसतात, कुणाचं घर ओळखता येऊ नये म्हणून ते मुद्दाम जवळच्या ठरावीक जागेवर सरकवलेले असतात, रस्त्याच्या मध्यावर, कार पार्कवर, सुपरमार्केटवर. त्यामुळे एखाद्या कार पार्कवर ढीगभर गुन्हे दिसले म्हणून तिथे रोज कुणी भोसकलं जातं असं नाही हो. आणि तो 'व्हायोलन्स' चा गठ्ठा फार मोठा असतो, घरातली मारहाण त्यात, पबबाहेरची ढकलाढकल त्यात, जखम न झालेला हल्ला त्यात, आणि फोनवर धमकीचे मेसेज पाठवणंसुद्धा त्यातच. यातलं बरंचसं ओळखीच्या माणसांमध्ये, चार भिंतींच्या आत होतं. ते काही कमी गंभीर नाही, पण रस्त्याने चालणाऱ्या अनोळखी बाईला त्यातून किती धोका, हे त्या आकड्यावरून कळत नाही. मी पण पहिल्या वर्षी रात्री जागून तो नकाशा बघायचे, नवरा म्हणायचा अगं बंद कर ते, कराडचा असा नकाशा असता तर तू दूध आणायला तरी गेली असतीस का.

ईली म्हणजे कागदोपत्री सिटी, कॅथेड्रल आहे ना म्हणून, पण वस्ती वीस हजारांच्या आसपास, आपल्या हिशोबाने तालुक्याचं गाव, कराडहूनही लहान. केंब्रिजहून ट्रेनने पंधरा-सतरा मिनिटं. गुरुवारी आणि शनिवारी बाजार भरतो. संध्याकाळी सातनंतर हाय स्ट्रीटवर कुत्रं फिरवणारी म्हातारी माणसं आणि चिप्स खात बसलेली टवाळ पोरं, एवढंच. पोरं कधीकधी आरडाओरडा करतात, डस्टबिन लाथाडतात, ते 'अँटिसोशल बिहेव्हियर' या नावाने त्याच नकाशावर दिसतं.

चोऱ्या मात्र होतात, आणि यात आपल्या लोकांनी कान टवकारावेत. भारतीय घरात सोनं असतं हे इथल्या चोरांना पक्कं ठाऊक आहे, दिवाळीच्या सुमाराला बऱ्याच ठिकाणचे पोलीस 'एशियन गोल्ड' सांभाळा म्हणून सूचना काढतात. पीटरबरोकडचं आमच्या ओळखीचं एक गुजराती कुटुंब, दिवाळीच्या शनिवारी सगळे देवळात, हिवाळ्यात चारलाच अंधार पडतो, घरात दिवा नाही, म्हणजे घर रिकामं हे रस्त्यावरून कळतंय. मागच्या बागेतून आले, अंगणाकडच्या दाराचं कुलूप मोडलं, टीव्ही-लॅपटॉपला हात लावला नाही, सरळ वरच्या बेडरूममधलं कपाट. वीस मिनिटांचं काम. सासूबाईंच्या पाटल्या गेल्या, आणि इन्शुरन्सने म्हटलं की एका ठरावीक रकमेच्या वरचा प्रत्येक दागिना पॉलिसीत वेगळा लिहायला हवा होता, फोटो आणि व्हॅल्युएशन कुठे आहे. ते नव्हतंच. तेव्हा सोनं आणू नका, आणायचंच तर मंगळसूत्र आणि एखादी चेन, बाकी तिकडेच लॉकरमध्ये राहू द्या, कारण इथल्या बहुतेक बँकांनी लॉकर कधीच बंद केलेत. आणि संध्याकाळी बाहेर जाताना एका दिव्याला टायमर लावा, पाच-सात पौंडाला मिळतो.

घर बघायला जाल तेव्हा किचन आणि बाथरूम बघून परत येऊ नका, मागचं दार बघा. इथली ती प्लास्टिकच्या फ्रेमची दारं नुसती ओढून घेतली की लागल्यासारखी वाटतात, पण हँडल वर उचलून किल्ली फिरवल्याशिवाय ती खऱ्या अर्थाने लॉक होत नाहीत. मला हे दोन महिने माहितीच नव्हतं! शेजारच्या आजींनी एक दिवस दाखवलं, म्हणाल्या बाळा तुझं दार रोज उघडं असतं.

सायकल. माझी केंब्रिजला गेली, ऑफिसबाहेरून, भर दुपारी, एका बारीक वायरच्या लॉकवर ठेवलेली. केंब्रिजमध्ये सायकलचोरी म्हणजे आपल्याकडे देवळाबाहेरून चप्पल जाण्यासारखं आहे, सगळे हळहळतात आणि कुणालाच आश्चर्य वाटत नाही. ऑनलाइन तक्रार केली, नंबर आला, तो इन्शुरन्सला दिला, पैसे मिळाले, सायकल काही मिळाली नाही. आता दोन डी-लॉक, म्हणजे डी आकाराची जाड लोखंडी कुलुपं लावते, त्यांचं वजन सायकलीएवढं झालंय.

दुकानातल्या चोऱ्यांचं तुम्ही बातम्यांत वाचलं असेल, इंग्लंड-वेल्समध्ये वर्षाला ५ लाखांच्या वर नोंदी होतात. आमच्या इथल्या दुकानात चीजच्या पाकिटाला अलार्मचा टॅग आहे, चीजला! पहिल्यांदा बघितलं तेव्हा फोटो काढून आईला पाठवला, ती म्हणाली एवढं महाग आहे का गं चीज तिकडे.

गावाबाहेर पडलात की वेगळंच जग सुरू होतं, ज्याची पुण्या-मुंबईच्या माणसाला कल्पनाच नसते. हा सगळा फेन्सचा भाग, दलदल उपसून केलेली काळी सपाट शेती, नजर जाईल तिथवर एक टेकाड नाही. इथल्या शेतकऱ्यांना विचाराल तर त्यांच्या लेखी गुन्हा म्हणजे ट्रॅक्टरवरचं जीपीएस चोरीला जाणं, डिझेल जाणं, आणि हेअर कोर्सिंग, म्हणजे पीक निघालं की सप्टेंबरपासून मार्चपर्यंत लांबलांबून लोक फोर बाय फोर गाड्या घेऊन येतात, पेरलेल्या शेतात घालतात, रानसशांवर शिकारी कुत्री सोडतात आणि कुठलं कुत्रं जिंकेल यावर पैजा लावतात. २००४ च्या हंटिंग ॲक्टपासून बंदी आहे, २०२२ मध्ये शिक्षा वाढवल्या, तरी चालू आहे, आणि हटकलं तर शेतकऱ्यालाच दम देतात. केंब्रिजशर पोलिसांची यासाठी वेगळी ग्रामीण टीमच आहे. शेतातल्या पायवाटेवर फिरताना असे लोक दिसले तर थांबून व्हिडिओ काढत बसू नका, गाडीचा नंबर लक्षात ठेवा, तिथून निघा आणि फोन करा.

त्याच रस्त्यांवर घरापुढे लाकडी टेबलावर अंडी, बटाटे, प्लम ठेवलेले असतात, शेजारी पैशांचा डबा, माणूस कुणी नाही, आपण मोजून टाकायचे. आम्ही जिथून अंडी घेतो तिथला डबाच मागच्या वर्षी कुणीतरी उचलून नेला. आता नवा डबा साखळीने खांबाला बांधलाय, वर क्यूआर कोड चिकटवलाय. अंडी मात्र अजून उघड्यावरच असतात.

आता मुलीबद्दल. तुम्ही गूगल केलंच असणार आणि सोहॅम हे नाव आलंच असणार, ईलीपासून जेमतेम सहा मैलांवर. ऑगस्ट २००२ मध्ये तिथल्या दहा वर्षांच्या दोन मैत्रिणींचा खून झाला, आणि करणारा होता तिथल्याच शाळेचा केअरटेकर. आधी दुसऱ्या भागात राहत असताना त्याच्यावर लैंगिक गुन्ह्यांचे आरोप झाले होते, पण ती माहिती नोकरी देणाऱ्यांपर्यंत पोचलीच नाही. चौकशी बसली, २००४ मध्ये बिचर्ड रिपोर्ट आला, २००६ ला मुलांच्या सुरक्षेसाठी कायदा झाला, आणि आज जी डीबीएस चेकची, म्हणजे मुलांबरोबर काम करणाऱ्यांचे जुने गुन्हे तपासायची पद्धत आहे ती या सगळ्यातून घट्ट होत गेली. माझी लेक प्रायमरीत असताना मी शाळेत मुलांचं वाचन ऐकायला जायचे, आठवड्यातून एक तास, फुकट, तरी आधी डीबीएस करावं लागलं, गेल्या पाच वर्षांतले सगळे पत्ते द्या. मी तिथे बसून पुण्याच्या भाड्याच्या फ्लॅटचा पिनकोड आठवतेय, कंटाळा आला, ऑफिसमधल्या बाईंना सहज म्हटलं की एका तासासाठी केवढी कटकट. त्या सोहॅमच्याच होत्या. काही बोलल्या नाहीत, नुसता फॉर्म माझ्याकडे परत सरकवला. मी पुन्हा कधी त्यावर कुरकुर केली नाही.

अकरा वर्षांची म्हणजे ती इयर सेव्हनला, माध्यमिक शाळेच्या पहिल्या वर्गात जाईल, तिथे बहुतेक मुलं चालत किंवा बसने एकटीच जातात-येतात, तुम्हाला पहिला महिना धडधडेल, मग सवय होते. घरी एकटं किती वयापर्यंत ठेवू नये याचं कायद्यात वय दिलेलं नाही, पण मूल धोक्यात आलं तर आईबापांवर केस होऊ शकते, आणि एनएसपीसीसी ही मुलांसाठी काम करणारी संस्था सांगते की बाराच्या आतल्या मुलांना फार वेळ एकटं सोडू नका. आपल्याकडे 'शेजारच्या काकू आहेत की' म्हणून चालून जातं, इथे काकूंना आधी विचारावं लागतं.

गोऱ्यांच्या गावात आपण, हा प्रश्न तुम्ही लिहिला नाहीत पण मनात असणार. २०२४ च्या जुलैअखेरीस आणि ऑगस्टच्या सुरुवातीला, साउथपोर्टला लहान मुलींवर झालेल्या चाकूहल्ल्यानंतर, रॉदरहॅम, हार्टलपूल, सन्डरलंडला स्थलांतरितांविरुद्ध दंगली झाल्या त्या आठवड्यात मी पण लेकीला बाहेर सोडलं नव्हतं. आमच्या रस्त्यावर काहीच झालं नाही, उलट मला दार लावायला शिकवणाऱ्या त्या शेजारच्या आजी येऊन सांगून गेल्या की रात्री कधीही बेल वाजव. नऊ वर्षांत माझ्या वाट्याला एकच प्रसंग आला, स्टेशनवरून येताना चालत्या गाडीतून पोरांनी एक घाण शब्द फेकला आणि हसत गेली. मी घरी येऊन रडले, मग हेट क्राइम म्हणून ऑनलाइन नोंदवलं. ती पोरं सापडतील म्हणून नाही, नोंद राहावी म्हणून. कधीच काही होणार नाही असं मी तुम्हाला सांगणार नाही.

एक फार महत्त्वाचं, येताना पर्समध्ये पेपर स्प्रे टाकून आणू नका! आपल्याकडे मुलींना हौसेने घेऊन देतात, पण इथे तो फायरआर्म्स ॲक्टखाली येतो, नुसता जवळ बाळगणं हाच गुन्हा. माझ्या मावसबहिणीने आणला होता, मी विमानतळावरून येताना गाडीत ऐकलं आणि काळजाचा ठोका चुकला. त्याऐवजी किंचाळणारा पर्सनल अलार्म मिळतो, तो चालतो. किचनमधली सुरीसुद्धा कारणाशिवाय बॅगेत ठेवून फिरू नका, ट्रिपला फळं कापायला नेत असाल तर डब्यात, बास्केटमध्ये नीट ठेवा.

दिवसभर घरी असाल तर खरा त्रास फोनचा. 'होम ऑफिसमधून बोलतोय, तुमच्या व्हिसात चूक आहे, आत्ताच्या आत्ता दंड भरा नाहीतर अटक', अगदी तुमचं नाव आणि नवऱ्याची कंपनी सांगून. होम ऑफिस, म्हणजे इथलं गृहखातं, असे फोन करून पैसे मागत नाही, ठेवून द्या. इथल्या गुन्ह्यांच्या सरकारी सर्व्हेमध्ये दर दहा गुन्ह्यांत चारेक गुन्हे फसवणुकीचेच निघतात, आणि नवीन आलेली, व्हिसाला घाबरलेली माणसं त्यांना आयतीच सापडतात.

जीवावर बेतणारं काही किंवा एखादा गुन्हा आत्ता चालू असेल तर ९९९, पोलिसांकडच्या बाकी कामाला १०१. मोबाइलवरून ९९९ लावला आणि बोलता येत नसेल तर ५५ दाबायचं, म्हणजे त्यांना कळतं की चुकून लागलेला फोन नाही. हे मुलीला पण शिकवून ठेवा.

आणि माझी स्वतःची भीती विचाराल तर ती चोरांची नाहीच, रस्त्यांची आहे. फेन्समधले रस्ते सरळसोट, कडेला कठडा नाही, लगेच खाली पाण्याचा खोल कालवा, त्याला इथे ड्रेन म्हणतात. खालची माती खचते म्हणून रस्ता लाटांसारखा वरखाली झालेला. डिसेंबरमध्ये चारच्या आत सूर्य मावळतो, त्यात धुकं आणि बर्फाचा पातळ थर, गाड्या सरळ पाण्यात जातात, माणसं गेलीयत त्यात. नवऱ्याला म्हणावं ट्रेननेच जा, निदान पहिला हिवाळा.

जाता जाता, आलात की सेंट मेरीज चर्चच्या भिंतीवरची पाटी बघा. १८१६ मध्ये जवळच्या लिटलपोर्ट गावच्या उपाशी मजुरांनी दंगल केली, ती ईलीपर्यंत आली, त्यातल्या पाच जणांना फाशी दिलं, त्यांची नावं आहेत तिच्यावर. आणि बिशपचा जुना तुरुंग आता म्युझियम झालाय, मुलीला आवडेल.

स्टेशनच्या बाजूला बघताय की कॅथेड्रलकडे, ते सांगा, मी रस्ते सांगू शकेन. पण पोस्टकोड इथे उघड्यावर टाकू नका, मेसेज करा.