थांबायचं तर उभं राहून थांब

काल रात्री पावणेदोनला तुझा मेसेज आला तेव्हा मी जागाच होतो. "सर, मी बरोबर होते का नुसती लकी होते?" एवढंच. ह्याला मोबाईलवर दोन ओळीत उत्तर देणं मला जमणार नव्हतं म्हणून आज राऊंड उरकून लिहायला बसलोय. लांबेल, पण शेवटपर्यंत वाच.

केस मला माहितीये, तरी मी काय बघतोय ते कळावं म्हणून परत सांगतो. वाळवा तालुक्यातला ५२ वर्षांचा माणूस, ऊस तोडलेल्या रानात पायात बुडखा घुसला, चार दिवस गावात दुखण्याचं इंजेक्शन आणि जेंटा हे अँटिबायोटिक, मग पाय सुजून काळानिळा, बीपी लागेना, आयसीयूत आला तो बीपी चढवायच्या औषधावर, नॉरअ‍ॅडवरच. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी बसली की रक्तात चढणारा आकडा, पहिल्या दिवशी १.९, तिसऱ्या दिवशी ५.२. लघवी तासाला १०-१५ मिली. पण पोटॅशियम ५.४, रक्ताचा पीएच ७.२८, दोन्ही अजून धोक्याच्या अलीकडं, छाती बरी, ऑक्सिजन नाकाच्या नळीवर, माणूस शुद्धीवर. नेफ्रॉलॉजिस्ट, म्हणजे किडनीचे डॉक्टर, फोनवर म्हणाले आत्ता काही अर्जंट नाही, थांबू. तू थांबलीस. सकाळी कन्सल्टंट आले आणि नातेवाईकांसमोर तुला म्हणाले, क्रिएटिनिन पाच झालंय, डायलिसिसला का घेतलं नाही. त्याचा पोरगा तुझ्याकडं बघत होता. आणि सहाव्या दिवशी लघवी तासाला ८० वर गेली, मशीन लागलंच नाही, काका परवा चालत बाथरूमला गेले.

नातेवाईकांसमोर बोलायला नको होतं, ते चुकलंच. पण त्यावर मी तुझी समजूत काढत बसणार नाही, त्यातून तू सावरशील.

मी तुझा चार्ट मागवून बघितला. तिसऱ्या रात्री दर तासाची लघवी लिहिलीय, तुझंच अक्षर, १२, १०, १५. पोटॅशियम दोनदा केलंय, रक्तातला गॅस केलाय, ईसीजी लावलाय. आणि चौथ्या रात्री २ ते ५ रकाना रिकामा आहे. पाचला एकदम ४५ लिहिलंय. म्हणजे तीन तासाची मिळून ४५ का शेवटच्या तासाची ४५, देव जाणे. आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. जिथं रकाना भरलाय तिथं तू बरोबर होतीस, जिथं रिकामा आहे तिथं लकी होतीस.

थांबायचं तर उभं राहून थांबायचं. हे मी तुला ह्या पत्रात चार वेळा सांगणार आहे, कंटाळलीस तरी चालेल.

डायलिसिस लवकर का उशिरा, हा तुझा गोंधळ कुठून येतो ते मला कळतं. २०१६ च्या मे महिन्यात दोन पेपर आले. एक जर्मनीतला इलेन, एकाच सेंटरचा, २३१ पेशंट, त्यात लवकर डायलिसिस केलेले जास्त जगले. दुसरा फ्रान्सचा अकिकी, ६२० पेशंट, त्यात लवकर-उशिरा काही फरक नाही, आणि उशिराच्या गटातल्या जवळजवळ निम्म्या लोकांना डायलिसिस लागलंच नाही. मग २०१८ ला सेप्टिक शॉकवाल्यांचा, म्हणजे इन्फेक्शननं बीपी पडलेल्यांचा, आयडियल-आयसीयू, तिथंही तेच, ३८ टक्के लोक मशीनशिवाय निघाले, पण १७ टक्क्यांना इमर्जन्सीत घ्यावं लागलं. हा १७ चा आकडा लोक वाचतच नाहीत. त्या थांबलेल्या लोकांवर कुणीतरी नजर ठेवून होतं म्हणून त्यांना वेळेत मशीनवर घेता आलं. २०२० ला स्टार्ट-एकेआय आला, १५ देश, तीन हजारांच्या आसपास पेशंट. ९० दिवसांतले मृत्यू दोन्ही गटांत ४४ टक्क्यांच्या जवळ, म्हणजे सारखेच. पण जे जगले त्यातले ९० दिवसांनंतरही डायलिसिसवरच राहिलेले बघ, घाई केलेल्या गटात १०.४ टक्के आणि थांबलेल्या गटात ६.

हा १०.४ वाचला तेव्हा मी लॅपटॉप बंद करून बाहेर जाऊन उभा राहिलो होतो.

कारण माझा एक पेशंट आहे. त्याला घेतलं तेव्हा ३४ चा होता, आता केस पांढरे झालेत. तापातून शॉक, लघवी बंद, दुसराच दिवस. भावकीतले वीस लोक बाहेर उभे, "साहेब, मशीन लावा की, पैशाचं आम्ही बघतो." पोटॅशियम नॉर्मल होतं. छाती नॉर्मल होती. मी घेतला डायलिसिसला, कारण काहीतरी केलं असं दिसायला पाहिजे होतं. चार तासाचं साधं डायलिसिस, नॉरअ‍ॅड चालू असताना, तीन वेळा बीपी ६० ला आलं. आधीच मार खाल्लेली किडनी, तिला मी तीन वेळा परत उपाशी ठेवली. त्याची लघवी आलीच नाही. आजही तो आठवड्यातून दोनदा एसटीनं येतो, हाताला डायलिसिससाठी केलेला फिस्टुला, मला नमस्कार करतो. थांबलो असतो तर सुधारला असता असं कुणी छातीठोक सांगू शकत नाही, मीही नाही. पण तो नमस्कार मला घेववत नाही.

आता दुसरी बाजू, नाहीतर तू म्हणशील सर थांबायलाच सांगतात. मी तुझ्याएवढा असताना पलूसकडची एक बाई, जुलाब-उलट्यांनी किडनी बसलेली. रात्री आठला पोटॅशियम ५.९. मी म्हटलं सलाईन चालू आहे, लघवी येईल, सकाळी रिपीट करू, आणि खोलीवर जाऊन झोपलो. तेसुद्धा थांबणंच होतं, बरं का. साडेचारला सिस्टरनं उठवलं तेव्हा मॉनिटरवर टी वेव्ह भाल्यासारख्या उभ्या आणि कॉम्प्लेक्स रुंद होत चाललेले. कॅल्शियम ग्लुकोनेट हातात घेईपर्यंत सरळ रेघ. तिचा नवरा जिन्यात उशाला डबा घेऊन झोपला होता, त्याला मी उठवलं. म्हणून म्हणतो उभं राहून. झोपून थांबणं हा गुन्हा आहे, मी तो केलेला आहे.

आणि थांबायलाही शेवट असतो. २०२१ च्या अकिकी-२ मध्ये अजून लांबवून बघितलं तर फायदा शून्य, उलट नुकसानच दिसलं. त्यात हद्द धरली होती ती अशी, ७२ तासाच्या वर लघवी अगदी कमी किंवा बीयूएन, म्हणजे रक्तातल्या युरियातला नायट्रोजन, ११२ च्या पुढं. इथं आपल्याकडची एक चूक सांगतो, ती मी दोन हुशार पोरांना करताना पकडलंय. पेपरात बीयूएन असतं, आपल्या लॅबच्या रिपोर्टवर युरिया असतो. २.१४ नं गुणायचं. ११२ बीयूएन म्हणजे २४० युरिया. युरिया १२० बघून "क्रॉस झालं" म्हणून डायलिसिसची लाईन टाकायला धावू नकोस, आणि पोटॅशियम सहाच्या वर चढतंय, पीएच ७.१५ च्या खाली गेलाय, लघवी वाढवणाऱ्या लॅसिक्सला दाद न देता फुप्फुसात पाणी भरतंय, तर युरिया कितीही असू दे, कुणाची वाट बघू नकोस.

क्रिएटिनिनवर एवढा जीव टाकू नकोस गं. किडनी पूर्ण बंद पडली तरी ते दिवसाला एक-दीडनं चढतं, म्हणजे ते कालची बातमी सांगतं. वर आपण पाच लिटर सलाईन चढवलेलं असतं त्यात ते पातळ होतं, आणि महिनाभर पडून असलेल्या म्हाताऱ्याला मांसच नाही तर क्रिएटिनिन वाढणार कुठून. केडिगोनं, म्हणजे किडनीच्या आजारांचे नियम ठरवणाऱ्या जागतिक संस्थेनं, २०१२ मध्येच किडनीला मार लागल्याच्या व्याख्येत लघवी घातलीय, किलोमागं तासाला अर्ध्या मिलीच्या खाली, सलग सहा तास. ६० किलोच्या माणसाला तासाला ३०. त्याला मशीन लागत नाही, बायोमार्करचं किट लागत नाही. युरोमीटर, म्हणजे लघवी मोजायचा डबा, लागतो आणि दर तासाला तिथं वाकणारा माणूस लागतो. वाकून बघ, नळी पिळून बघ, पिळली गेलीय का, पेशंटच्या मांडीखाली अडकलीय का. "लघवी बंद" म्हणून मला रात्री बोलावलं आणि कॅथेटर ब्लॉक निघाला असं इतक्यांदा झालंय की आता मी आल्या आल्या आधी नळी धरतो आणि मग फाईल.

आणि शंका असेल तर विचार किडनीला. लॅसिक्स किलोमागं १ मिग्रॅ, आधी मिळालेलं असेल तर दीड, आणि दोन तास घड्याळ लावून मोज. २०० मिलीच्या वर आली तर बहुतेक वेळा थांबायला जागा आहे, खाली राहिली तर नेफ्रॉलॉजिस्टला तेव्हाच फोन, सकाळी नाही. माणूस कोरडा असेल तर हे करायचं नाही, आधी भरायचं. ह्या टेस्टचा पेपर २०१३ चा आहे, एका इंजेक्शनचं काम आहे, आणि तरी लोक लॅसिक्स देऊन चहाला जातात आणि सकाळी विचारतात किती झाली. मग ती टेस्ट नाही राहिली, नुसतं इंजेक्शन झालं.

मी एवढा चिडून का लिहितोय? माझी उमेदीची निम्मी वर्षं काहीतरी द्यायचं म्हणून देण्यात गेली म्हणून. रीनल डोस डोपामिन, म्हणजे किडनीसाठी म्हणून थोडं थोडं डोपामिन, आम्ही श्रद्धेनं लावायचो, लघवी थोडी वाढायची, आम्हाला वाटायचं किडनी वाचली. २००० साली ३२८ पेशंटचा ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचा अभ्यास आला, काहीही उपयोग नाही. मी पुढची तीन वर्षं तरी लावत होतो. मग शिरेतून द्यायचं स्टार्चचं सलाईन, बाटल्यांवर बाटल्या, २०१२ ला कळलं की ते किडनीलाच मारतं. मग पाणी. लघवी कमी म्हटलं की सलाईन, अजून कमी म्हटलं की अजून सलाईन. किडनी घट्ट आवरणात बसलेली असते, मागची शीर फुगली की तिला आत रक्तच येत नाही, हे आता पोटावर प्रोब ठेवून दोन मिनिटात दिसतं, आयव्हीसी, म्हणजे हृदयाकडं जाणारी पोटातली मोठी शीर, दोन सेंटिमीटरच्या वर आणि पोर्टल व्हेनमधला, म्हणजे यकृताकडं जाणाऱ्या शिरेतला, प्रवाह उड्या मारतोय तर ती किडनी तहानलेली नाही, ती बुडतीय. तुझ्याकडं सोनोचं मशीन आहे, वापर. सलाईन एनएस का आरएल ह्यावर भांडत बसू नकोस, २०१८ च्या स्मार्ट अभ्यासात थोडा फरक दिसला, पुढच्या दोन मोठ्या अभ्यासांत मृत्यूत दिसला नाही, मी आरएल वापरतो, पण किती आणि कधी बंद, हा खरा प्रश्न आहे.

तू मागं म्हणालीस, इथं सीआरआरटी, म्हणजे रात्रंदिवस हळू चालणारं डायलिसिस, नाही, पुण्याला जाऊ का. जा, शिकायला जरूर जा, मी चिठ्ठी देतो. पण मशीन नाही म्हणून इथले पेशंट मरतात असं मनात धरून जाऊ नकोस. शॉकमधल्या माणसाला आपण साध्याच मशीनवर स्लेड, म्हणजे संथ लांबवलेलं डायलिसिस, करतो, ब्लड फ्लो १५०-२००, सहा ते आठ तास, हळूहळू पाणी काढत, आणि मिरजेत मी ते रात्रीच्या रात्री खुर्ची टाकून बसून केलंय. २००८ आणि २००९ च्या दोन मोठ्या अभ्यासांनी सांगितलं की डायलिसिसचा डोस वाढवून माणसं जास्त जगत नाहीत. मला दोनदा मोठ्या शहरातून बोलावणं आलं, मी गेलो नाही. लोक म्हणाले हा हट्टी आहे, एका हॉस्पिटलमधून तर मी बाहेरच पडलो, कारण तिथं महिन्याला किती डायलिसिस झाली हे मीटिंगमध्ये विचारायचे. माझं चुकलं असं मला आजही वाटत नाही. पोरांच्या शिक्षणाच्या वेळी ओढाताण झाली, बायको बोलली नाही कधी, पण मला दिसत होतं. तरी वाटत नाही.

एका ठिकाणी मात्र हे नियम जसेच्या तसे लावू नकोस. घोणस. रात्री लाईट येते म्हणून उसाला पाणी पाजायला गेलेला माणूस, पायावर चावा, पाय भोपळ्यासारखा. तिथं किडनी वाचवायची वेळ आपल्या आयसीयूच्या आधीच येते. स्वच्छ कोरडी काचेची नळी, २ मिली रक्त, २० मिनिटं हलवायची नाही, मग वाकडी करायची. रक्त गोठलं नाही तर सापाच्या विषावरची लस लगेच, क्रिएटिनिनची वाट बघत नाही. आणि ह्या २० मिनिटात लोक काय करतात? नळी खिडकीत ठेवतात आणि विसरतात, नाहीतर दहाव्या मिनिटाला हलवून बघतात. तू तिथं उभी राहा. घड्याळ बघत, त्या नळीपाशी. परत सहा तासांनी, परत तशीच.

उद्या त्या कन्सल्टंटना भेट. माफी मागायला नाही, चार्ट घेऊन. तिसऱ्या रात्रीचं पान दाखव, आणि चौथ्या रात्रीचा रिकामा रकाना तूच आधी दाखव, त्यांनी शोधायच्या आत. त्या रात्री तुझ्याकडं किती बेड होते ते विचार करून सांग, मला वाटतं नऊ. नऊ बेडला दोन सिस्टर असतील तर ते मी व्यवस्थापनाशी बोलायचं काम आहे, तुझं नाही, ते माझ्यावर सोड.

आणि काका डिस्चार्ज होतायत ना शनिवारी. डिस्चार्ज कार्डवर "किडनीला मार लागला होता" असं मराठीत लिही, मोठ्या अक्षरात. दुखण्याच्या गोळ्या-इंजेक्शन बंद, हे गावातल्या डॉक्टरांच्या नावानं वेगळ्या चिठ्ठीवर लिहून पोराच्या हातात दे, काकांच्या नको, ते खिशात ठेवून विसरतील. तीन महिन्यांनी क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रोटीन, तारीख घालून दे. पोराचा नंबर तुझ्या वहीत लिहून ठेव, ते आपणहून येणार नाहीत, तुलाच फोन करावा लागेल.

तुझे सर