क्लास न लावता आयेल्ट्स स्पीकिंगची तयारी

क्लास न लावता आयेल्ट्स (IELTS, परदेशात शिकायला-राहायला जाण्यासाठीची इंग्रजीची परीक्षा) स्पीकिंगमध्ये, म्हणजे बोलण्याच्या भागात, ७ बँड (९ पैकी गुण) मिळतील का आणि नोकरी सांभाळून रोज नेमकं काय करायचं, असं तुम्ही विचारलंत. मिळतात. इकडे परदेशात येण्याआधी मी एकट्यानेच तयारी केली. पहिल्या खेपेला ६ आले, दुसऱ्या खेपेला ७.५. मधल्या तीन महिन्यांत फरक एवढाच पडला की मी स्वतःचं बोलणं ऐकायला लागलो.

स्पीकिंगची परीक्षा ११ ते १४ मिनिटांची, तीन भागांत. पहिल्यात घर, काम, आवडीनिवडी. त्याची चिंता नको. गोची होते दुसऱ्यात. विषय लिहिलेलं कार्ड मिळतं, विचाराला १ मिनिट, मग १ ते २ मिनिटं सलग बोलायचं. टायमर लावून रोज एक कार्ड बोला, मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि ते शब्दन् शब्द वहीत उतरवा. कंटाळवाणं आहे, पण खरा अभ्यास हाच. माझ्या पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये ५५ सेकंदांत नऊ वेळा 'ॲक्चुअली', आणि पुढे नुसती शांतता! शिवाय 'आय वेन्ट देअर'ने सुरू झालेली गोष्ट चौथ्या वाक्याला 'ही कम्स अँड टेल्स मी'वर, म्हणजे भूतकाळातून वर्तमानकाळात, आलेली. मराठीत आपण 'गेलो, बघतो तर काय' असं सहज सांगतो ना, तीच सवय इंग्रजीत नडते. चुकांना लाल पेनाने खुणा करा आणि तेच कार्ड पुन्हा बोला. दहा नव्या कार्डांपेक्षा एकच तीनदा बोललेलं बरं.

कार्ड मिळाल्यावर विचाराच्या त्या एका मिनिटात वाक्यं लिहीत बसू नका. कोण, कधी, एखादा प्रसंग, असे चार-पाच शब्द पुरतात.

तिसऱ्या भागात चर्चा असते. तिथे प्रत्येक मतापाठोपाठ स्वतःलाच 'का?' विचारायची सवय लावा, उत्तर आपोआप लांबतं.

उच्चारांसाठी मिनिटभराची एखादी मुलाखत लावून बोलणाऱ्याच्या मागोमाग बोला. उसना ॲक्सेंट नको, त्याला गुण नाहीत. ओघ, शब्दसंपत्ती, व्याकरण आणि उच्चार, चौघांना सारखंच वजन आहे.

पाठ केलेली उत्तरं मात्र टाळाच, परीक्षकाला लगेच कळतात. मी पहिल्या खेपेला तेच केलं होतं. आणि प्रश्न कळला नाही तर अंदाजाने ठोकून देण्यापेक्षा सरळ पुन्हा विचारा.