उसनं मत देण्याआधी

प्रिय,

आवडता पक्ष छोटा, सरकार मात्र आघाडीचंच येणार. मग मत धाकट्याला द्यावं की त्याच्या थोरल्या जोडीदाराला, असं तू विचारलं आहेस. उत्तर जाहीरनाम्यात नाही, मतमोजणीच्या नियमात आहे. तो आधी काढून वाच.

‘हरणाऱ्याला मत म्हणजे वाया मत’ हे खरं ठरतं ते एका मतदारसंघातून एकच उमेदवार निवडून येतो तिथे. मतांच्या प्रमाणात जागा मिळतात तिथे पाचव्या क्रमांकाच्या पक्षाचं मतही जागेत उतरतं. मत वाया जातं ते उंबरठ्यावर, म्हणजे किमान मतांच्या अटीपाशी. ही अट जर्मनीत 5 टक्के, स्वीडनमध्ये 4, इस्रायलमध्ये 3.25. नेदरलँड्समध्ये 150 पैकी एका जागेपुरती मतं मिळाली की पक्ष आत, त्यामुळे ही धास्ती तिथे जवळपास नाहीच. स्पेनमध्ये मात्र जागा प्रांतवार वाटतात. तीन जागांच्या प्रांतात एक जागा पक्की व्हायला 25 टक्क्यांच्या वर मतं लागतात. तिथे कागदावरच्या उंबरठ्यापेक्षा हा न दिसणारा उंबरठा जास्त उंच असतो.

आता कागद घे. सभागृह 200 जागांचं, उंबरठा 5 टक्के. ‘अ’ 41, त्याचा साथीदार ‘ब’ 4.8, समोर ‘क’ 34 आणि ‘ड’ 11, उरलेले 9.2 टक्के चिल्लर पक्षांचे, सगळे उंबरठ्याखाली. ‘ब’ बाहेर राहिला तर जागा उरलेल्या 86 टक्क्यांत वाटल्या जातील: ‘अ’ला 95, समोरच्यांना 105. आता ‘अ’च्या मतदारांनी एकूण मतांपैकी फक्त 0.2 टक्के मतं ‘ब’ला उसनी दिली असं धर. ‘ब’ 5 वर पोचतो, ‘अ’ 40.8 वर येतो, आणि दोघांचे मिळून 101 होतात. सत्ता फिरली! पण ‘ब’ आधीच 6.5 वर असता तर हेच उसनं मत बेरजेत काहीच घालणार नव्हतं. एका खिशातले पैसे दुसऱ्यात. बदललं असतं ते फक्त आघाडीतलं वजन: मंत्रिपदं साधारण जागांच्या प्रमाणात वाटली जातात, त्यामुळे धाकट्याच्या वाट्याला एखादं खातं जास्त आलं असतं. तुला तेच हवं असेल तर जरूर दे, पण सरकार वाचवतोय या समजुतीत राहू नकोस.

जर्मनीत 2013 साली या दोन्ही बाजू एकाच वर्षात दिसल्या. जानेवारीत लोअर सॅक्सनी राज्यात धाकटा साथीदार एफडीपी उंबरठ्याखाली पडेल या धास्तीने थोरल्या सीडीयू पक्षाच्या मतदारांनी मतं उसनी दिली. एफडीपी थेट 9.9 टक्क्यांवर गेली, गरजेच्या जवळपास दुप्पट. तरी आघाडी 68 विरुद्ध 69 अशी एका जागेने हरली. हात पोळलेल्या सीडीयूने सप्टेंबरच्या संसदीय निवडणुकीत उसनवारी नको म्हणून बजावलं. एफडीपी 4.8 टक्क्यांवर अडकून बाहेर पडली, आणि सीडीयू व तिचा बव्हेरियातला जोडपक्ष सीएसयू यांना मिळून बहुमताला पाच जागा कमी पडल्या. शेवटी प्रतिस्पर्धी एसपीडीला सोबत घ्यावं लागलं. 2025 मध्ये बीएसडब्ल्यू हा पक्ष 4.98 टक्क्यांवर, सुमारे साडेनऊ हजार मतं कमी पडून बाहेर राहिला. तो आत आला असता तर सीडीयू-सीएसयू आणि एसपीडी या दोघांचं बहुमत उरलं नसतं.

तेव्हा पक्ष उंबरठ्याच्या किती जवळ आहे हाच कळीचा प्रश्न, आणि लोक चुकतात ते इथेच. हजार जणांच्या जनमत चाचणीत 5 टक्के दिसले, तर खरा आकडा साडेतीन ते साडेसहा यांत कुठेही असू शकतो. एकाच चाचणीवर विसंबू नकोस; शेवटच्या दोन आठवड्यांतल्या चार-पाच चाचण्यांची सरासरी काढ. उंबरठा 5 चा असेल तर माझा ठोकताळा असा: सरासरी 3 च्या खाली असेल तर आशा सोड, 7 च्या वर असेल तर मदतीची गरज नाही, 4 ते 6 असेल तरच उसनं मत कामाचं. आणि चाचणी जाहीर झाली की तुझ्यासारखे हजारो जण हीच बेरीज मांडत बसतात, हे धरून चाल. लोअर सॅक्सनीत तेच झालं.

दुसरा मोह म्हणजे सर्वांत मोठा पक्ष कोण ठरतो यावर मत लावणं. सरकार बनवायला पहिलं बोलावणं बहुधा त्याला येतं, म्हणून मोह होतो. 2012 मध्ये नेदरलँड्समध्ये अनेकांनी छोटे पक्ष सोडून दोन थोरल्या पक्षांपैकी व्हीव्हीडीला रोखायला पीव्हीडीएला, किंवा उलट, मतं दिली. जागा पडल्या 41 आणि 38. मग दोघांनी मिळूनच सरकार केलं! पाच वर्षांनी पीव्हीडीए 38 वरून 9 वर आली. म्हणून थोरल्याला मत देण्याआधी बघ की समोरचा थोरला त्याच्याच शेजारी बसणार तर नाही ना. ‘अमक्यासोबत बसणार नाही’ हे नाव घेऊन, नेत्याच्या तोंडून आलंय की प्रवक्ता नुसतं ‘सध्या विचार नाही’ म्हणतोय, हे तपास. दुसऱ्याला मी शून्य किंमत देईन.

एक उमेदवाराला आणि एक पक्षाला अशी मतं दोन असतील तर काम सोपं होतं, पण कुठलं मत कशाला हे पक्कं कर. न्यूझीलंडमध्ये 5 टक्के किंवा मतदारसंघातली एक जागा, यांतलं एक मिळालं की पक्ष आत. 2008 मध्ये अ‍ॅक्ट पक्षाला 3.65 टक्के मतं होती, पण एप्सम मतदारसंघ जिंकल्यामुळे एकूण पाच जागा मिळाल्या. न्यूझीलंड फर्स्टला 4.07 टक्के मिळूनही शून्य. अशा ठिकाणी उसनं द्यायचं ते उमेदवाराचं मत, पक्षाचं मत आपल्याकडेच ठेवायचं. उलट केलंस तर आपल्या पक्षाच्या जागा कापल्या जातील.

तर आता तुझ्या निवडणुकीसाठी असाच कागद कर: उंबरठा, प्रत्येक पक्षाची सरासरी, कोण कोणासोबत बसेल, आणि पाव टक्का इकडून तिकडे सरकवल्यावर बहुमत हलतं का. हलत नसेल तर आवडत्या पक्षाला मत देऊन मोकळं हो. कागद झाला की मला पाठव. चिल्लर पक्षांचे टक्के वगळून भागाकार केलास का, ते मी आधी बघेन.