उक्तं घेऊ नकोस

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझी यादी दोनदा वाचली. सदाशिव पेठेतल्या एका कुटुंबाचा वाडा पाडायला निघालाय, त्यांच्या आजोबांनी आयुष्यभर जमवलेली चांदी आहे, नातवंडांना वाटण्या उरकायच्या आहेत. सगळं मिळून तीन किलोंच्या वर वजन, आजच्या भावावर दहा टक्के सूट, आणि अट एकच: घ्यायचं तर सगळं घ्या. तू विचारतेस, एवढी सूट पुरेशी आहे का. घरात थोडी चांदी असावी याबद्दल तुझं-माझं दुमत नाही, त्यामुळे त्यावर शाई घालवत नाही. पण सूट कशावर? यादीत वजन एकच आहे आणि वस्तू पाच तऱ्हेच्या आहेत. उक्तं, म्हणजे सगळं एका भावात एकगठ्ठा, घेऊ नकोस. पुढे जे लिहितोय ते सगळं या एका वाक्यासाठीच आहे.

डब्यातल्या नाण्यांना तू सरसकट 'राणीछाप' म्हटलंयस. मी फोटो मोठा करून पाहिला. निम्म्यांवर तरी राजा आहे, आणि तो राजा कोणता यावर तुझे पैसे ठरणार आहेत. १८३५पासून ईस्ट इंडिया कंपनीने आणि पुढे राणीच्या सरकारने पाडलेला रुपया १८० ग्रेनचा, म्हणजे बरोबर एक तोळ्याचा, ११.६६ ग्रॅम. त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. चौथा विल्यम, व्हिक्टोरिया, सातवा एडवर्ड, पाचवा जॉर्ज, सगळ्यांचं माप हेच. ऐंशी रुपये पारड्यात टाकले की शेर भरायचा. मग दुसरं महायुद्ध आलं आणि १९४०पासून सहाव्या जॉर्जच्या रुपयात चांदी निम्म्यावर आली. उरलेलं तांबं, निकेल आणि जस्त. वजन मात्र तेच ठेवलं. १९४७चा रुपया तर निव्वळ निकेलचा, चुंबकाला चिकटतो.

आता कागद घे. शंभर रुपयांचं वजन १,१६६ ग्रॅम. पाचव्या जॉर्जपर्यंतचे असतील तर त्यात शुद्ध चांदी १,०६९ ग्रॅम. झिजेपायी थोडं कमी धर. १९४० ते १९४५मधले असतील तर ५८३ ग्रॅम. डबा तोच, काट्यावरचा आकडा तोच. यादीतला भाव शुद्ध चांदीचा आहे. म्हणजे नव्वद टक्के पैसे मोजून तू निम्मी चांदी घरी आणशील आणि वर सूट मिळाली म्हणून पेढे वाटशील. तू इंजिनीयर आहेस ना? मग हा गुणाकार आधी का नाही केलास?

स्मारक नाण्यांचंही तसंच. गांधी जन्मशताब्दीचं १९६९चं दहा रुपयांचं नाणं १५ ग्रॅमचं, त्यात ८० टक्के चांदी. स्वातंत्र्याच्या पंचविशीचं १९७२चं दहाचं नाणं हाताला जड लागतं, पण चांदी ५० टक्केच. आणि रामदरबाराचं, १८१८ साल घातलेलं 'कंपनीचं नाणं' त्यांनी मखमलीत वेगळं ठेवलंय, ते कंपनीने कधी पाडलंच नव्हतं. असली टोकनं जुन्या बाजारात कुठल्याही रविवारी मिळतील. ते चांदीच्या वजनात धरलेलं असेल तर आधी काढायला लाव.

उलटही होतं, म्हणून घाईने वितळवायचे विचार करू नकोस. १९११च्या रुपयावर पाचव्या जॉर्जच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली, सरकारने तो मागे घेऊन पुढच्या वर्षी चित्र सुधारलं. त्या सालाचा रुपया सापडला तर संग्राहक चांदीपेक्षा जास्त देतात. १९३९चा रुपया फार दुर्मीळ आहे, आणि म्हणूनच त्याचे खोटे फार. तो दिसला तर हरखून जायच्या आधी मला बोलाव. आणि चिंच, रांगोळी, टूथपेस्ट यातलं काही लावून नाणी चकचकीत करणार म्हणालीस, ते करायचं नाही. काळपटपणा नाण्याचं काही बिघडवत नाही. घासलेलं नाणं मात्र संग्राहक बाजूला सारतो आणि मग ते मोडीच्या भावानेच जातं.

म्हणून ढीग कर. त्यांच्या ओट्यावर, त्यांच्यासमोर. जुने रुपये एकीकडे, १९४०पासूनचे दुसरीकडे, स्मारक नाणी, दिवाळीची लक्ष्मी-गणपतीची नाणी आणि चांदीच्या विटा आपापल्या जागी. प्रत्येक ढिगाचं वजन वेगळं, टंच (चांदीची शुद्धता) वेगळा, भाव वेगळा. दिवाळीच्या नाण्यांतली ज्यांच्यावर शुद्धतेचा आकडा नाही, सराफाचा शिक्का नाही, पावती नाही, ती तपासल्याशिवाय शुद्ध धरू नकोस.

विटांची मला जास्त काळजी वाटते. यंत्रावर तपासून आणल्यात असं ते म्हणतात. ते यंत्र वरचा थर वाचतं, आणि कसोटीचा दगडही वरचाच कस सांगतो. आत शिसं भरलेली वीट मी सराफी पेढीवर उघडताना पाहिली आहे. घरी करता येईल असा उपाय सांगतो. स्वयंपाकघरातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर पाण्याचं पातेलं ठेव, आकडा शून्यावर आण, वीट दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडव, पण तळाला किंवा कडेला टेकू देऊ नकोस. शुद्ध चांदीची एक किलोची वीट असेल तर काट्यावर ९५ ग्रॅमच्या आसपास येईल. शिसं असेल तर ८८कडे सरकेल, तांबं असेल तर ११२कडे. मात्र शिसं आणि तांबं मापात मिसळलं तर आकडा जुळवताही येतो, म्हणून तेवढ्यावर थांबू नकोस. विटेला आरपार भोक पाडून आतला चुरा तपासून घे. ते भोक पाडू देणार नसतील तर विटा सोडून दे. 'आजोबांनी विश्वासाने घेतल्या होत्या,' असं म्हणतील. घेतल्या असतील. आजोबांचा विश्वास तुझ्या काट्यावर चढत नाही.

आता तू म्हणशील, काका, इतकं केलं तर ते दुसऱ्याला देतील. देतील. माझ्यासमोर दिलंय, म्हणून हे ठाऊक आहे.

मी रविवार पेठेतल्या पेढीवरून निवृत्त होऊन फार काळ झाला नव्हता. नारायण पेठेतल्या एका घरी असाच संग्रह निघाला. राणीछाप होतेच, पण तळाशी पुरचुंडीत अंकुशी रुपये होते, चांदवडच्या टाकसाळीतले चांदोरी होते. मराठी राज्यातलं नाणं, वर बादशहाच्या नावाची फारसी अक्षरं, आणि बाजूला तो छोटा अंकुश. मी हातात घेऊन बसलो होतो, खाली ठेववत नव्हते. त्यांचीही तीच अट: एक आकडा, आज, सगळं. सोबत विटा होत्या. मी म्हटलं, दोन दिवस द्या, वेगळं करू, तोलू, नाण्यांना मी भावापेक्षा जास्त देतो. त्यांना पोलिसातल्यासारखी चौकशी नको होती. मी उठलो. त्याच आठवड्यात सगळं चांदी वितळवणाऱ्या आटणीवाल्याकडे गेलं. विटांसकट अंकुशी आणि चांदोरीही मुशीत गेले.

हे मला अजून लागतं. तुझी काकू तेव्हा म्हणाली, आणि अजूनही कधीमधी म्हणते, की त्या दिवशी हट्ट सोडला असता तर ते रुपये वाचले असते. वाचले असते, खरं आहे. पण त्या विटांत काय होतं हे मला माहीत नव्हतं, आणि तो आकडा भरायचा तर मुलाच्या शिक्षणाची ठेव मोडावी लागली असती. न तोललेल्या धातूसाठी मी ती मोडली नाही. आटणीतून किती चांदी निघाली हे मी नंतर विचारायला गेलो नाही. विटा खऱ्या निघाल्या असतील तरीही माझा निर्णय बरोबरच होता, कारण त्या दिवशी मला जे कळत होतं त्यावरच मी पैसे लावू शकत होतो. काकूला हे पटत नाही. तुला पटावं असं मला फार वाटतं.

कर्जाचं वाचून मात्र मला राग आला. साठवलेल्या पैशांवर थोडं वैयक्तिक कर्ज काढून व्यवहार पुरा करणार म्हणतेस. चांदी व्याज देत नाही, कर्ज घेतं. १९८०च्या जानेवारीत अमेरिकेतल्या हंट बंधूंच्या साठेबाजीने चांदी औंसाला ५० डॉलरच्या जवळ गेली होती. २७ मार्चला ती ११ डॉलरच्या खाली होती. त्या जुन्या उंचीच्या निर्विवाद वर जायला २०२५चा ऑक्टोबर उजाडला. आपल्याकडे २०११च्या एप्रिलात किलोला सत्तर हजारांच्या वर गेलेली चांदी २०१५ संपताना निम्म्यावर आली होती. २०२४च्या जुलैत अर्थसंकल्पात आयातशुल्क १५ टक्क्यांवरून ६वर आणलं आणि लोकांच्या कपाटातल्या चांदीचा भाव त्याच दिवशी उतरला. ज्याच्यावर हप्ता नाही तो अशा वेळी कपाट बंद करून बसू शकतो. तू बसू शकणार नाहीस. ढीग वेगळे केलेस तर कर्जाची गरजही उरणार नाही, कारण तू फक्त जुन्या रुपयांचा ढीग घेशील. कर्ज लागतंय ते उक्तं घ्यायचं म्हणूनच.

कागदपत्रांचं थोडक्यात. सराफाकडचा ३ टक्के जीएसटी इथे वाचतो हे खरं, पण सराफाची पावतीही मिळत नाही, तर ती तू तयार कर: ढिगागणिक वजन, टंच, भाव आणि नाण्यांचे फोटो, त्याखाली सगळ्या वारसांच्या सह्या. लग्न होऊन गेलेल्या लेकी वारसच असतात, त्यांच्याही सह्या हव्यात. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला कायद्याने बंदी आहे. पैसे बँकेतूनच दे. पुढे दोन वर्षांनंतर विकलीस तर नफ्यावर साडेबारा टक्के कर लागेल, आणि घेतल्याचा कागद नसेल तर नफा किती हे तू सिद्ध कशावर करणार? आणखी एक, हे स्पष्ट विचार: चांदी कपाटातली आहे की वाडा उतरवताना भिंतीतून निघाली? लपवलेला ठेवा निघाला तर १८७८च्या निखात निधीच्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. उत्तर देताना ते चाचरले तर चहा संपव आणि नीघ.

त्यांना उद्याच फोन कर आणि एवढंच सांग: सगळं एकदम घेणार नाही, ढीग करून घेईन, काटा माझा. हो म्हणाले तर शनिवारी सकाळी मला घ्यायला ये, भिंग आणि काटा मी काढून ठेवतो. नाही म्हणाले तर मला कळव, पण पुन्हा एकटी त्यांच्याकडे जाऊ नकोस. आणि कर्जाचा अर्ज भरला असशील तर आजच मागे घे.

तुझा,
काका