रक्तात फायब्रिन ‘वाढणं’ हा जुना आजार आज का ऐकू येत नाही?

तुम्ही विचारलंय की १८५० च्या आसपासच्या एका वैद्यकीय पुस्तकात ‘हायपरइनोसिस’, म्हणजे रक्तात फायब्रिन (रक्त गोठताना तयार होणारे प्रथिनाचे तंतू) जास्त होणं, असा विकार वाचला. आज कुठलाच डॉक्टर त्याचं नाव घेत नाही, मग तो निव्वळ भ्रम होता का?

अजिबात नाही. मी पॅथॉलॉजीवाला आहे आणि जवळजवळ तीच गोष्ट रोज दुसऱ्या नावाखाली मोजतो. निरीक्षण पक्कं होतं, त्यावरून काढलेला अर्थ मात्र उलटा होता.

त्या काळी न्यूमोनिया किंवा सांधेतापाचा रुग्ण आला की शीर कापून वाडगाभर रक्त काढत आणि ते गोठेपर्यंत बघत बसत. निरोगी माणसाच्या रक्ताची गुठळी बहुतेक वरपासून खालपर्यंत लाल असते. या रुग्णांच्या गुठळीवर पिवळट-पांढरा, चामड्यासारखा चिवट थर यायचा. गुठळी आकसली की त्याच्या कडा वर उचलल्या जात आणि मध्ये खळगा पडे. हा थर म्हणजे शरीरातला ‘दाह’ डोळ्यांना दिसला, असं मानत. मग काय, थर दिसतोय तोवर रक्त काढत राहायचं! पॅरिसमध्ये बुइयो नावाचा डॉक्टर तर लागोपाठ रक्त काढण्याचा खंदा पुरस्कर्ता होता.

या थराला आकड्यात बसवलं गाब्रिएल आंद्राल आणि ज्यूल गाव्हारे या दोघा फ्रेंचांनी, १८४० मध्ये. ताजं रक्त घुसळलं की फायब्रिनचे तंतू वेगळे होतात. ते पांढरे होईपर्यंत धुवायचे, वाळवायचे आणि वजन करायचं. निरोगी रक्तात हजार भागांत साधारण ३ भाग फायब्रिन निघालं. न्यूमोनिया आणि सांधेतापात ते वाढून कधी १० पर्यंत गेलं, तर टायफॉइडसारख्या तापात वाढलं नाही, उलट कधी ३ च्याही खाली उतरलं. कमी असण्याला ‘हायपिनोसिस’ म्हणत.

आज प्लाझ्मात, म्हणजे पेशी वगळून उरलेल्या रक्ताच्या द्रवात, लिटरमागे २ ते ४ ग्रॅम फायब्रिनोजेन (ज्यापासून फायब्रिन बनतं ते प्रथिन) नॉर्मल धरतात. आंद्रालचा आकडा पेशींसकट अख्ख्या रक्ताचा होता, म्हणून या हिशेबाने तो थोडा चढा आहे, कारण धुतलेल्या तंतूंत पांढऱ्या पेशी अडकून राहतात. पण काड्या आणि तराजूवर काम भागवणाऱ्या माणसाचा आकडा इतका जवळ यावा, याचं मला तरी कौतुक वाटतं.

आणि खरी मेख त्यांच्याच आकड्यांत होती. रक्त काढत गेलं की लाल पेशी घटत होत्या, पण दाह चालू असेपर्यंत फायब्रिन काही हटत नव्हतं. म्हणजे उपचाराने रुग्ण पांढरा पडत होता आणि ज्याच्यासाठी हा खटाटोप, ते जागच्या जागी. शिवाय नुसत्या पंडुरोगातही थर दिसतो, गरोदर बाईच्या रक्तावर दिसतो, आणि धडधाकट घोड्याच्या रक्तावरही. पिएर लुईने तर १८३५ मध्येच न्यूमोनियाच्या रुग्णांचा हिशेब मांडून रक्त काढण्याचा फायदा किती तुटपुंजा आहे ते दाखवलं होतं. तरी ही प्रथा मागे पडायला बरीच वर्षं गेली.

कारण आज माहीत आहे. दाह झाला की यकृत जास्त फायब्रिनोजेन बनवतं. म्हणजे फायब्रिन हा आजार नाही, ती शरीराची प्रतिक्रिया आहे. हे प्रथिन वाढलं की लाल पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटतात, जड होऊन भराभर खाली बसतात, आणि रक्त गोठेपर्यंत वरचा भाग लाल पेशींविना उरतो. तोच तो थर.

आता हेच रक्त गोठू दिलं नाही, उभ्या नळीत ठेवलं आणि तासाभरात पेशी किती मिलिमीटर खाली बसल्या ते वाचलं, तर? तो झाला तुमचा ईएसआर. वॉर्सात बिएर्नात्स्कीने १८९७ मध्ये फायब्रिनोजेनशी त्याचा संबंध जोडला. स्वीडनमध्ये फोरेअस १९१८ मध्ये यातून गर्भधारणेची चाचणी निघेल का ते बघत होता. ती काही निघाली नाही, पण १९२१ मध्ये वेस्टरग्रेनने आखून दिलेली पद्धत आजही चालते. म्हणून डॉक्टर ‘ईएसआर वाढलाय’ म्हणतात तेव्हा बऱ्याचदा तुमचं हायपरइनोसिसच बोलत असतं, फक्त शीर कापायला कोणी धावत नाही.

‘कमी फायब्रिन’वाली बाजू मात्र आजही जिवावरची आहे. घोणस किंवा फुरसं चावलं की विषामुळे रक्तातलं फायब्रिनोजेन खर्ची पडतं आणि रक्त गोठेनासं होतं. ग्रामीण रुग्णालयात तेव्हा कुठलं यंत्र लागत नाही. कोरड्या, स्वच्छ काचेच्या ट्यूबमध्ये दोन मिलिलिटर रक्त घेतात, २० मिनिटं हलवत नाहीत, मग एकदाच तिरपी करतात. काचेचीच हवी, कारण प्लॅस्टिकमध्ये रक्त नीट गोठत नाही आणि निकाल फसवतो. रक्त पातळच राहिलं तर विषाने रक्त बिघडवलंय असं धरून प्रतिविष लगेच सुरू करतात.