काशानचा फिरोजी रंग आणि बीएस्सीचं दुसरं वर्ष

प्रश्न : मुलगी बीएस्सी रसायनशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. इराणमधल्या काशानच्या बाराव्या-तेराव्या शतकातल्या फिरोजी भांड्यांचं तिला वेड लागलंय. पदवी सोडून पॉटरीच्या कोर्सला जाते म्हणते. जाऊ द्यावं का? – एक पालक, उदगीर

उत्तर : पदवी सोडू देऊ नका. वेड मात्र मोडू नका, कारण तो रंग म्हणजे निव्वळ रसायनशास्त्र आहे.

तांब्याचा ऑक्साईड सोडा-पोटॅशच्या ग्लेझमध्ये (ग्लेझ म्हणजे भांड्यावर भाजून बसवलेला काचेसारखा थर) फिरोजी होतो, शिशाच्या ग्लेझमध्ये हिरवा. पण सोड्याचं ग्लेझ थंड होताना फार आकसतं, म्हणून साध्या मातीच्या भांड्यावर त्याला तडे जातात. काशानच्या कारागिरांनी मग मातीच बदलली. तिथल्याच कुंभार घराण्यातल्या अबुल कासिमने 1301 मध्ये प्रमाण लिहून ठेवलंय : दहा भाग गारगोटीची पूड, एक भाग काचेची पूड, एक भाग पांढरी माती. गारगोटीच्या या मिश्रणाचं भांडंही थंड होताना बरंच आकसतं, त्यामुळे ग्लेझ धरून राहतं. जयपूरची ब्लू पॉटरी याच गोतातली.

सुट्टीत तिला एखाद्या स्टुडिओच्या भट्टीत चाचणीचे तुकडे भाजू द्या. पांढऱ्या मातीच्या तुकड्यांवर तयार अल्कली फ्रिटचं (म्हणजे आधीच वितळवून दळलेल्या सोडा-पोटॅशच्या काचेचं) ग्लेझ लावायचं, त्यात कोरड्या वजनाच्या 1, 2, 3 आणि 5 टक्के कॉपर ऑक्साईड. तेच तांबे साध्या पारदर्शक ग्लेझमध्येही घालून पाहायचं, रंग हिरवट का झाला ते वहीत लिहायचं. कच्चा धुण्याचा सोडा वापरू नये. तो पाण्यात विरघळून तुकड्यात मुरतो आणि वर रंग डागाळतो. गारगोटीची धूळ फुप्फुसात साचते, तेव्हा एन-95 मास्क हवाच. आणि या ग्लेझच्या वाटीत आमटी-लोणचं नको, आंबटाने तांबे सुटतं.

हे करूनही ओढ टिकली, तर बीएस्सीनंतर वस्तूंच्या जतन-संवर्धनात एमए करावं. नोएडाच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ हेरिटेजमध्ये ते आहे. यंदाची पात्रता माहितीपत्रकातच पाहा. पुरातत्त्वाकडे कल असेल तर पुण्याचं डेक्कन कॉलेज. या कामात केमिस्ट लागतो, कारण बाजारात येणारी पुष्कळ इराणी भांडी दोन-तीन भांड्यांचे तुकडे जोडून, वरून रंगवून ‘अखंड’ केलेली असतात. अतिनील दिव्याखाली नवा रंग आणि जुनं ग्लेझ वेगळे चमकतात, तेव्हा सांधा कळतो. दफन झालेल्या ग्लेझवरची इंद्रधनुषी झाक ही सजावट नव्हे, झीज असते, हेही ओळखता यायला हवं.

पगाराच्या जागा मात्र मोजक्याच, नोकरीला वेळ लागेल. हातानेच भांडी करायची असतील तर मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचा सिरॅमिक विभाग आहेच, पण तो पदवीनंतरही विचारात घेता येईल. तोवर एका रविवारी तिला बीदरला न्या. तिथल्या बहमनी वजीर महमूद गवानच्या मदरशावर (1472) रंगीत ग्लेझच्या फरशा अजून शिल्लक आहेत. ग्लेझ कडेने सुटलंय की मधून, हे तिने जवळून पाहावं, पण बोट लावू नये.