ग्लासात पाणी का चढतं?

प्रश्न : बशीत पाणी, मधोमध पेटती मेणबत्ती, वर उपडा ग्लास. 'ऑक्सिजन संपला, त्याची जागा पाण्याने घेतली' असं आम्ही सातवीला शिकवतो. पण पाणी कधी पाचव्या हिश्शाच्या वर जातं, कधी खालीच राहतं. कुठे चुकतं?

उत्तर : प्रयोग बरोबर आहे, स्पष्टीकरण चुकीचं आहे. ज्योत पेटती असताना पाणी फारसं हलत नाही. विझल्यावर भराभर चढतं. ऑक्सिजन खर्च झाल्यामुळे चढत असतं, तर उलट दिसलं असतं. खरं कारण उष्णता. ग्लास पालथा घालताना आतली हवा तापून फुगते, थोडी कडेने निसटते (कधीकधी बुडबुडे दिसतात), आणि विझल्यावर उरलेली हवा निवून आकसते. शिवाय सगळा ऑक्सिजन संपायच्या आधीच ज्योत विझते, आणि जळताना कार्बन डायऑक्साइड तयार होतो तो वेगळाच. त्याच ग्लासाखाली तीन मेणबत्त्या लावून बघा. ऑक्सिजन तेवढाच, पाणी मात्र जास्त चढतं. मग कारण मुलंच शोधू लागतात.

हवेतला २१ टक्के ऑक्सिजन दाखवायचाच असेल तर लोखंड गंजवा, गंजताना ते ऑक्सिजन शोषून घेतं. हार्डवेअरच्या दुकानातलं बारीक स्टील वूल (पोलादाच्या बारीक तारांचा लोकरीसारखा गुंता) साधारण १ ग्रॅम घ्या. भांडी घासायची स्टेनलेस स्टीलची घासणी चालत नाही, ती गंजत नाही. वूल पाच मिनिटं व्हिनेगरमध्ये बुडवा, म्हणजे वरचा तेलकट थर जातो. मग पाण्याने धुऊन झटका. व्हिनेगर राहिलं तर लोखंडाशी क्रिया होऊन हायड्रोजन सुटतो आणि पाणी कमी चढतं. वूल मोकळं करून परीक्षानळीच्या तळाशी बसवा. दाबून गोळा केलात तर आतपर्यंत हवा पोचत नाही. नळी पाण्यात उपडी उभी करा आणि पाण्याच्या पातळीशी खूण करा. पाणी चढायचं थांबेपर्यंत, म्हणजे एक-दोन दिवस, हलवू नका. १५ सेंमीच्या नळीत सुमारे ३ सेंमी चढायला हवं. पहिलं आणि शेवटचं माप दिवसाच्या एकाच वेळी घ्या, दुपारच्या उन्हात हवा फुगते.

प्रश्न : मुलं प्रयोगवहीत निष्कर्ष पुस्तकातूनच उतरवतात. काय करावं?

उत्तर : नळी पाण्यात ठेवण्याआधी प्रत्येकाचा अंदाज पेनने लिहून घ्या, खोडायचा नाही. गुण मोजमापाला द्या, '२० टक्के' या आकड्याला नको. कुणाचे १५ आले तर १५च राहू द्या, आणि वूल कमी पडलं की व्हिनेगर राहिलं, हे त्यालाच शोधू द्या.